हिशेब बरोबर, उत्तर चूक

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात 98. परदेशात पुढच्या शिक्षणासाठी द्यायच्या जीआरई या प्रवेश परीक्षेच्या सरावात मात्र गणिताला 170 पैकी 158च पडले. चुकलेली नऊ गणितं सोबत पाठवते. वेळ पुरला होता. मग घोडं अडतं कुठे? क्लास लावू का?
— एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : तुझी नऊही गणितं मी कागद-पेन घेऊन पाहिली. हिशेब एकाही ठिकाणी चुकलेला नाही. म्हणून क्लासचे पैसे आत्ता खर्च करू नकोस.

नऊपैकी सहा गणितं तुलनेची आहेत. त्यातलं पहिलंच बघ. क्ष ही संख्या 0 पेक्षा मोठी आहे. अ म्हणजे क्षचा वर्ग, ब म्हणजे क्ष. मोठं कोण? तू 2, 3, 5 घालून पाहिलेस आणि 'अ मोठा' लिहिलंस. आता 1 घाल, दोन्ही सारखे. अर्धा घाल, वर्ग पाव होतो, म्हणजे ब मोठा. उत्तर 'सांगता येत नाही'. प्रश्नात 'संख्या' म्हटलं होतं, 'पूर्णांक' तू मनानेच धरलास. बाकीच्या पाचांतही हेच झालंय. कच्च्या कागदावर सुरुवातीलाच लिहून ठेव : 0, 1, अर्धा, उणे अर्धा, उणे 2, 10. अट मोडत नसेल ती प्रत्येक किंमत घालून बघ. दोन किमतींना दोन वेगळी उत्तरं आली की तिथेच थांबायचं, पुढचं सोडवायचंच नाही. आणि दोन्हीकडे नुसते आकडेच असतील, तर 'सांगता येत नाही' हा पर्याय आधीच बाद.

दोन गणितं इंग्रजीने खाल्ली. 'नॉन-निगेटिव्ह' म्हणजे तू धन संख्या धरलीस, शून्य बाहेर राहिला. '20 ते 50 इनक्लूझिव्ह' म्हणजे दोन्ही टोकं धरून 31 संख्या, तू 30 मोजल्यास. मीही मराठी माध्यमातली, मला हे चांगलं ठाऊक आहे. मूळ संख्या, बाकी, किमान हे शब्द आपल्या अंगात मुरलेले असतात, पण घड्याळ चालू असताना 'अॅट लीस्ट' आणि 'अॅट मोस्ट' यांची गल्लत होते. अशा चाळीसेक शब्दांची वही कर. हे मी कळकळीने सांगते, कारण हुशार मुलांचे गुण इथेच जाताना मी पाहिलेत.

उरलेल्या एका गणितात कोन काटकोनासारखा दिसला म्हणून तू पायथागोरस लावलास. भूमितीच्या आकृत्या तिथे प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही. काटकोनाची खूण नसेल तर काटकोन धरायचा नाही. आलेख मात्र प्रमाणात असतात.

मी 2006 साली परीक्षा दिली तेव्हा गुण 800 पैकी असत आणि उत्तर पक्कं केलं की मागे फिरता येत नसे. आता गणिताचे दोन भाग असतात आणि जो भाग चालू आहे त्यापुरतं तुला मागे जाता येतं. पहिल्या भागात 21 मिनिटांत 12 प्रश्न, दुसऱ्यात 26 मिनिटांत 15. पहिला कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, तेव्हा शंका असलेल्या प्रश्नावर खूण कर आणि उरलेली मिनिटं तिथे दे. चुकीला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस.

ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या दोन सराव परीक्षा फुकट आहेत. एक झाली असेल, तर दुसरी शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेव. तोवर हीच नऊ गणितं पुन्हा सोडव आणि प्रत्येकात तू कोणता शब्द न वाचता पुढे गेलीस, तो मला लिहून पाठव.