नियम सांगायला तू तिथे नसशील

प्रिय मित्रा,

रविवारी नौपाड्यात आमच्याकडे तू रचलेल्या 'सोसायटीची मीटिंग' या कार्डांच्या खेळाचे दोन डाव झाले. कल्पना अस्सल आहे. प्रत्येकाच्या हातात एका गुप्त मागणीचं कार्ड, आळीपाळीने प्रत्येक जण सेक्रेटरी, दोन मिनिटांचं भाषण आणि मग मतदान. ठाण्यातल्या माणसाला यातलं काही शिकवावं लागत नाही. खेळात दम आहे म्हणूनच सविस्तर लिहितोय.

तू सगळा वेळ उभा होतास. नियम सांगत होतास, कुणी अडलं की मध्ये पडत होतास, शंका आली की "चालेल, चालेल" म्हणत होतास. त्यामुळे तुझं नियमपत्रक कुणी उघडलंच नाही. पुढच्या वेळी डबा भिडूंच्या हातात द्यायचा, वही घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ते चुकीचं खेळले तरी नाही. "मतं सारखी पडली तर काय?" असं कुणी विचारलं की प्रश्न जसाच्या तसा टिपून घे, पत्रकात एक ओळ राहिली आहे एवढाच त्याचा अर्थ. भिडूंनी मनाने लावलेला नियम तुझ्यापेक्षा सरस निघाला तर खुशाल ठेवून घे. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं. लोक तो घरीच पट रंगवून, नियम फिरवत वर्षानुवर्षं खेळत राहिले, आणि त्यातूनच १९३५ साली पार्कर ब्रदर्सने बाजारात आणलेला मोनोपॉली घडला.

खरी अडचण वेळेची आहे. आठ भिडू, प्रत्येकी दोन मिनिटं, वर मतमोजणी. एकदा बोलून झालं की पुन्हा पाळी यायला वीस मिनिटं जातात. तिसऱ्या भाषणाला माझ्या वहिनीने आपलं कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि मोबाइल हातात घेतला, ते तू पाहिलंस का? नंतर तू "आवडला का?" विचारलंस तेव्हा ती "छान आहे रे" म्हणाली. घरी आलेल्या मुलाला कोण काय वेगळं सांगणार! तू ते पालथं कार्ड लिहून घ्यायला हवं. कुठल्या मिनिटाला, कुणाच्या भाषणात, तेवढंच. आणि डाव संपल्यावर विचारायचं ते "कुठे लांबलं?" हे विचार. लोक दुखतं कुठे ते बरोबर सांगतात. औषध सांगायला लागले की ऐकून घे, पण लगेच देऊ नकोस.

यावर माझ्या मनात एक उपाय आहे. नाव-गाव-फळ-फूलमध्ये कुणी रिकामं बसत नाही, कारण सगळे एकाच वेळी लिहीत असतात. तसंच इथे करून बघ. सेक्रेटरी बोलत असताना बाकीच्यांनी त्याची गुप्त मागणी ओळखायची आणि चिठ्ठीवर लिहायची. मग ऐकणाऱ्यालाही काम राहील. गुण कसे द्यायचे? २००८ साली आलेल्या 'डिक्सिट' या चित्रांच्या कार्डांच्या खेळात गोष्ट सांगणाऱ्याचं कार्ड सगळ्यांनी ओळखलं तरी त्याला शून्य, कुणीच ओळखलं नाही तरी शून्य. या एका नियमाने बोलणारा फार उघडही बोलत नाही आणि फार गूढही नाही. तुझ्या सेक्रेटरीला नेमका हाच चिमटा हवा. सध्या तो पार्किंग हवं असलं की सरळ "पार्किंग द्या" म्हणून मोकळा होतो, आणि भाषणात रंगत येत नाही.

दोन ठराव पडले की भिडू बाद, हा नियम काढून टाक. ऐंशीच्या दशकात मॉस्कोत दिमित्री दाविदोव्ह यांनी रचलेल्या 'माफिया' या लपलेले माफिया ओळखायच्या खेळात लोक बाद होतात, पण खेळातल्या 'रात्री' बाकीचे डोळे मिटून बसतात तेव्हा बाद झालेल्याला बऱ्याचदा डोळे उघडे ठेवून सगळं कारस्थान बघता येतं. तुझ्याकडे बाद झालेल्याला बघण्यासारखं काही नाही. माझा भाचा गॅलरीत जाऊन बसला.

आपल्या घरांत टेबलाशी आजीही असते आणि एखादा लिंबूटिंबूही. दोन मिनिटं बोलायचं म्हटलं की आठ वर्षांचं पोर गप्प होतं. त्याला एखादी जोडी लावून दे, नाहीतर एक वाक्य बोललं तरी चालेल असं पत्रकातच लिही.

कार्डांबद्दल. 'पुनर्विकास' आणि 'लिफ्ट' निघालं की आमच्या नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगवाल्यांना बोलायला वेळ पुरत नव्हता. 'क्लब हाउस' आलं आणि सगळे थंड. म्हणून ते कार्ड फेकू नकोस, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये नेऊन बघ. तिथे 'टँकर' निघाला की काय होतं तेही बघ. कार्ड फुकट गेलं की त्याच्या पुढच्या बाजूला, कोपऱ्यात पेन्सिलने बारीक टिंब दे. मागे नको, गुप्त मागणी फुटेल. वेगवेगळ्या घरांत मिळून तीन टिंबं झाली की ते कार्ड बाद. डाव संपल्यावर एका वेळी एकच नियम बदल आणि डब्यावर तारीख टाक. दोन बदललेस तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

रंगीत छपाईचा विचार आत्ता नकोच. चकचकीत कार्ड खोडायला हात धजत नाही. व्हिजिटिंग कार्डं छापणाऱ्याकडून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घे आणि हातानेच लिही. कुणी तुला न विचारता पत्ते पिसून "अजून एक डाव" म्हणालं की छापखान्याचं बोलू.

घोडबंदरचा डाव झाला की वही घेऊन ये. आधी वही बघू, मग डबा.

तुझा,
काका