जुना फ्रीझर बदलायचा? आधी दाराचं रबर बघा

तुमचा उभा फ्रीझर बारा वर्षांचा आहे. आठवडाभर मीटर लावल्यावर तो दिवसाला सरासरी 2.4 युनिट वीज घेताना दिसला. आत बोटभर बर्फ साचतो, दार खालच्या कोपऱ्यात घट्ट बसत नाही. नवा बारा बिनव्याजी हप्त्यांत घ्यावा आणि जुना जादा साठवणीला ठेवावा, असा तुमचा विचार आहे.

हप्ता इतक्यात बांधून घेऊ नका. मीटर लावलंत हे फार चांगलं केलंत, पण तो आकडा बिघडलेल्या फ्रीझरचा आहे. त्यावर हिशोब केला तर रबर बदलून होणारी बचतही नव्या फ्रीझरच्या नावावर जमा होते.

आकड्यांत सांगतो. 2.4 युनिटने वर्षाचे 876 होतात. नव्याच्या वीजवापराच्या लेबलवर वार्षिक 280 युनिट असतील, तर बचत 596. नव्याची किंमत तुमच्या वीजदराने भागा. उत्तर 3,000 युनिट आलं असं धरू. म्हणजे 3,000 युनिट वाचले की किंमत निघते; वर्षाला 596 वाचले तर पैसे पाच वर्षांत वसूल. पण दुरुस्तीनंतर जुना 1.5 युनिटवर आला, तर त्याचा वर्षाचा वापर 548 आणि बचत फक्त 268. मग वसुलीला अकरा वर्षांहून जास्त लागतील.

म्हणून आधी डीफ्रॉस्ट करा. प्लग काढा, जिन्नस एकत्र रचून जाड चादरीत गुंडाळा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवून दार लावा. सुटलेला बर्फ हाताने काढा. सुरी घालू नका. आतली नळी फुटली की गॅस जातो आणि फ्रीझर बहुधा भंगारातच जातो. रबर कोमट साबणपाण्याने पुसा. मग दारात कागदाची पट्टी धरून ओढा, अशी चारही बाजूंनी. पट्टी जिथे अलगद सुटते तिथून दमट हवा आत शिरते, आणि तोच तुमचा बर्फ. रबर कडक झालं असेल तर मॉडेल नंबर देऊन नवं मागवा. मागची जाळी उघडी असेल तर मऊ ब्रशने धूळ झाडा. तापमान उणे 18 अंश पुरे. त्याहून खाली ठेवलं तर फक्त बिल वाढतं. पुढे बर्फाचा थर पाच-सहा मिलिमीटर झाला की लगेच डीफ्रॉस्ट करा.

यानंतर आणखी एक आठवडा मीटर लावा. नव्याचा हिशोब त्या आकड्यावर मांडा. त्यात रबराचा खर्च, हप्त्यांचं प्रक्रिया शुल्क आणि रोखीने घेतल्यास मिळाली असती ती सूटही धरा. ‘बिनव्याजी’चा खरा खर्च बहुतेक वेळा तिथेच असतो.

दोन्ही चालवायचा विचार मात्र सोडाच. दुरुस्त जुना 548 आणि नवा 280 मिळून 828. म्हणजे बिल जवळपास आजच्याइतकंच, वर हप्ता.

एका परिस्थितीत मात्र थांबू नका. रबर नवं, बर्फ काढलेला, तरी कॉम्प्रेसर अखंड चालतोय आणि आतलं तापमान उणे 18 ला पोचत नाही, तर गॅस गळत असावा किंवा कॉम्प्रेसर थकलाय. बारा वर्षांच्या यंत्रात गॅस भरण्यावर पैसे घालवणं मला पटत नाही. तेव्हा नवा घ्या. जागा असेल तर वरून उघडणारा घ्या, कारण थंड हवा जड असते आणि झाकण उघडलं तरी ती बरीचशी आतच राहते.