यजमानांच्या नावाने जॅझची शिष्यवृत्ती: ५०,००० डॉलर आत्ताच द्यावेत का?

प्रश्न: माझं वय ७४, टेक्सासमध्ये राहते. हे जाऊन दोन वर्षं होतील. १९७८ साली मुंबईत रंगभवनला पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हापासून यांना जॅझचं वेड. इथे आल्यावर ट्रम्पेट शिकले. गावातल्या विद्यापीठाच्या जॅझ विभागाचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही, आता मी एकटी जाते. ५०,००० डॉलर दिले तर यांच्या नावाने कायमची शिष्यवृत्ती सुरू करता येईल, असं विद्यापीठाने सांगितलं आहे. शेअर विकून द्यावेत असं मनात आहे, पण मुलगा थांब म्हणतो. यांचं ट्रम्पेटही विभागाला द्यायचं आहे. तिथे शिकणाऱ्या एका मुलीच्या फीला हातभार लावावासा वाटतो. विभागाच्या सहाय्यक मंडळावर या, असाही आग्रह आहे. आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीच्या बचतीच्या खात्यात) ६,१२,००० डॉलर आहेत, शेअर आणि फंडांत १,९०,०००. घरावर कर्ज नाही. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) वर्षाला ३१,०००, लाभांश ४,०००, खर्च ४६,०००. काय करू?

उत्तर:

नमस्कार काकू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. द्या, जरूर द्या, पण शेअर विकून एकरकमी ५०,००० देऊ नका. दरवर्षी आयआरएमधून थेट विद्यापीठाला ६,००० द्या. काकांच्या नावाची कायमची शिष्यवृत्ती तुमच्या पश्चात त्याच आयआरएमधून उभी राहील, अशी सोय मात्र आत्ताच कागदावर करून ठेवा.

मुलगा थांब म्हणतो ते कंजूषपणाने म्हणत असेल असं मला वाटत नाही. आयआरएमधून डॉलर काढला की त्यावर कर लागतो. अडीअडचणीला चटकन हात घालता येईल असा पैसा म्हणजे शेअर-फंडांतले १,९०,०००, आणि ५०,००० हा त्याचा चौथ्या हिश्श्याहून मोठा तुकडा आहे. उद्या घरी आंघोळ घालायला, उठवायला-बसवायला माणूस ठेवायची वेळ आली, तर असा महिनोन्‌महिने चालणारा खर्च मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देत नाही. तो या १,९०,००० मधूनच येणार. एकदा दिलेली देणगी परत मागता येत नाही.

देणगीवर कर तरी वाचेल, असं कुणी सांगितलं असेल तर तेही तपासू. फायद्यातले शेअर न विकता तसेच दान केले तर नफ्यावरचा कर टळतो, हे खरं. पण तुमच्या बाबतीत तो नफा बहुधा उरलेलाच नाही. टेक्सासमध्ये लग्नानंतर कमावलेल्या पैशातून घेतलेले शेअर दोघांच्या सामाईक मालकीचे धरले जातात आणि एक जोडीदार गेला की सगळ्याच शेअरची खरेदी किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने नव्याने धरतात. ब्रोकरच्या नोंदीत ती बदललेली आहे का, एवढं पाहून घ्या. अनेकांच्या खात्यात वर्षानुवर्षं जुनीच किंमत पडून असते आणि विकताना उगाच कर भरला जातो.

राहिली वजावट. शेअरच्या दानाची वजावट एका वर्षात तुमच्या समायोजित उत्पन्नाच्या (कराच्या फॉर्मवर वजावटींआधी येणाऱ्या उत्पन्नाच्या) ३० टक्क्यांपर्यंतच मिळते. माझ्या हिशेबाने तुमचं ते उत्पन्न ४०,००० च्या आसपास येतं, म्हणजे वजावट १२,००० च्या आत. न वापरलेली रक्कम पुढची पाच वर्षं ओढता येते, पण दरवर्षी तीच मर्यादा आडवी येते. आणि ६५ च्या पुढच्या एकट्या व्यक्तीला २०२६ साली स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे कुठलाही खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक वजावटच, १८,१५० डॉलर आहे; एक तर ती घ्यायची, नाहीतर खर्चांची यादी देऊन वजावट घ्यायची. घराचा मालमत्ता कर जोडला तरी जेमतेम बरोबरी होईल. ५०,००० हातचे जातील आणि करात जवळपास काहीच सुटणार नाही.

आता त्या कायमच्या शिष्यवृत्तीकडे बघू, कारण तुमचं मन तिथे गुंतलंय. आपल्याकडे शाळेत कै. अमुक यांच्या स्मरणार्थ ठेव ठेवत आणि तिच्या व्याजातून दहावीला पहिल्या येणाऱ्याला पारितोषिक देत. एंडाउमेंट म्हणजे तेच, फक्त रक्कम मोठी आणि शेअर बाजारात गुंतवलेली. विद्यापीठं त्यातून दरवर्षी साधारण चार ते पाच टक्के खर्चायला देतात. चार टक्के धरले तर ५०,००० चे वर्षाला २,००० झाले. ते कायम मिळतील, हे मोलाचं आहे. पण आज त्या सरावाच्या खोलीत जी मुलं बसलीत, त्यांच्या वाट्याला दोनच हजार.

माझं मत इथे ठाम आहे. जॅझ विभागाला आज हातात येणारा पैसा जास्त उपयोगी पडतो. अमेरिकेत जॅझला विद्यापीठाच्या पदवीत जागा मिळाली ती १९४७ साली, तुमच्याच टेक्सासमध्ये, डेंटनला. तेव्हा विषयाचं नाव ‘डान्स बँड’ होतं. तिथला पहिल्या फळीचा बँड आजही ‘वन ओक्लॉक’ या नावाने ओळखला जातो, कारण त्याच्या सरावाची वेळ दुपारी एकची. नावातच सराव आहे. हे शिक्षण वर्गात फळ्यावर होत नाही. पूर्ण बिग बँडला साधारण १७ जण लागतात: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, बास, ड्रम, गिटार. यांना दुसऱ्या शहरातल्या महोत्सवाला न्यायचं तर बस, खोल्या, वाद्यांची ने-आण, सगळं सतरा जणांचं. बाहेरचा कसलेला वादक दोन दिवस येऊन मुलांशेजारी बसून वाजवतो, त्याचं मानधन वेगळं. पियानो वेळच्या वेळी सुरात लावून घ्यावा लागतो. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात कात्री लागते ती आधी अशाच खर्चांना. त्यामुळे दरवर्षी तुमच्याकडून ६,००० येणं, म्हणजे त्या ठेवीतून वर्षाला मिळणाऱ्या रकमेच्या तिप्पट, हे विभागाच्या दृष्टीने फार मोठं आहे.

हे ६,००० द्यायचे कसे, तर क्वालिफाइड चॅरिटेबल डिस्ट्रिब्युशनने. सगळे क्यूसीडी म्हणतात. साडेसत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना आयआरएमधून पैसे थेट धर्मादाय संस्थेला पाठवता येतात आणि ती रक्कम उत्पन्नात धरलीच जात नाही. तुमच्या वयाला आयआरएच्या मागच्या ३१ डिसेंबरच्या शिलकीला २५.५ ने भागून जो आकडा येतो, तेवढे पैसे वर्षभरात काढावेच लागतात. तुमचे २४,००० होतात. ६,००० ची क्यूसीडी त्यातच मोजली जाते, म्हणजे करपात्र १८,००० च उरतात. शिवाय तुमच्या आकड्यांवर सोशल सिक्युरिटीचा करपात्र भागही आणखी ५,१०० ने खाली येतो. ६,००० दिले आणि समायोजित उत्पन्न ११,१०० ने उतरलं! खर्चाला हात न लावता हे जमतं, कारण ६,००० गेल्यावरही तुमची वर्षाची आवक ५३,००० आहे.

यात क्रम चुकवू नका. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांनी जानेवारीतच सक्तीची सगळी रक्कम स्वतःच्या खात्यात घेतली आणि नोव्हेंबरात क्यूसीडीचं विचारायला आले. जानेवारीत काढलेल्या पैशांवरचा कर काही मागे घेता आला नाही. तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला आधी क्यूसीडी, मग बाकीचे पैसे. चेक विद्यापीठाच्या नावाने आयआरए कंपनीनेच काढायला हवा. पैसे विद्यापीठाच्या फाउंडेशनकडे जाणार असतील तर क्यूसीडी स्वीकारता येते, असं त्यांच्याकडून लेखी घ्या, कारण काही प्रकारच्या पूरक संस्था त्यात बसत नाहीत. पावतीवर ‘जॅझ विभाग, चालू खर्च’ असं स्पष्ट येऊ द्या, नाहीतर पैसे सर्वसाधारण निधीत जाऊन पडतात.

आणि देणगीदारांना पुढच्या रांगेतल्या खुर्च्या, पाहुण्या वादकाबरोबर जेवण वगैरे मिळत असेल, तर ते या चेकच्या बदल्यात अजिबात घेऊ नका. बदल्यात काही मोलाचं मिळालं तर अख्खी क्यूसीडी रद्द ठरू शकते. जेवणाला जावंसं वाटलं तर जरूर जा, त्याचं तिकीट वेगळं काढा.

त्या मुलीचं म्हणाल, तर विद्यापीठाला ‘हे अमुक विद्यार्थिनीसाठी’ असं लिहून चेक दिला तर ती देणगी राहत नाही. कुणाला मदत मिळावी हे विद्यापीठानेच ठरवायला हवं. ‘गरजू ट्रम्पेटवादक विद्यार्थ्याला प्राधान्य’ इतपत तुम्ही लिहू शकता. तिलाच द्यायचं असेल तर आपल्या खात्यातून सरळ भेट म्हणून द्या. वर्षाला १९,००० पर्यंतच्या भेटीला कसलं विवरणपत्र लागत नाही. करात सवलत नाही, पण तुमच्या मनात आहे ते होईल. हजार-दीड हजार दिलेत तरी तुमच्या हिशेबाला धक्का लागणार नाही.

सहाय्यक मंडळावर जा, असं मी आग्रहाने सांगेन. तुमच्या वेळेची करात किंमत शून्य आणि गाडीच्या मैलांची १४ सेंट, हे खरं. पण दोन वर्षं आतून पाहिल्यावर पैसा कुठे अडतो, विभागप्रमुख बदलला की काय बदलतं, हे तुम्हाला कळेल, आणि मोठी रक्कम ठरवताना तेच कामी येईल. फक्त आधी एक विचारून घ्या: सदस्याने वर्षाला किती द्यावेत किंवा जमवून आणावेत, अशी अपेक्षा आहे का? असेल तर तुमचे ६,००० त्यातच धरा म्हणावं. पाच वर्षांच्या हमीपत्रावर सही मागितली तर ‘देण्याचा मानस आहे’ एवढंच लिहा.

आता काकांचं नाव. तुमच्या पश्चात आयआरए मुलाला गेलं तर त्याला ते दहा वर्षांत रिकामं करून त्याच्या दराने कर भरावा लागेल. विद्यापीठाला गेलं तर कर शून्य. शेअर मात्र मुलाला मिळाले तर त्यांची किंमत पुन्हा नव्याने धरली जाईल. म्हणून आयआरए विद्यापीठाला, शेअर मुलाला, ही वाटणी दोघांच्याही फायद्याची. आयआरएचे आठ टक्के म्हणजे आज ४८,९६०, ५०,००० च्या जवळच. ते वेगळ्या छोट्या आयआरए खात्यात काढा आणि त्याच्या वारस-नोंदीत विद्यापीठाचं नेमकं कायदेशीर नाव आणि कर क्रमांक घाला. मृत्युपत्र बदलावं लागत नाही, आणि उद्या परिस्थिती फिरली तर एका फॉर्मवर हे मागेही घेता येतं. काढण्याची सक्ती दोन्ही खात्यांना असते, पण एकूण रक्कम एकाच खात्यातून काढली तरी चालते, तेव्हा मोठ्या खात्यातूनच पैसे घेत जा.

विद्यापीठाबरोबर शिष्यवृत्तीचा करारही तुमच्या हयातीतच लिहून ठेवा. जॅझ विभाग उद्या बंद झाला तर हा पैसा कशाला वापरायचा, हे त्यात तुमच्या शब्दांत असू द्या. निधीवर व्यवस्थापनाचा आकार किती कापणार, तेही विचारा. हा कागद मुलाला वाचायला द्या, माझ्या अंदाजाने त्याचा विरोध इथेच मावळेल.

ट्रम्पेट मात्र यंदाच देऊन टाका. तुम्ही वजावटीच्या यादीत जातच नाही, तेव्हा किंमत ठरवून घेण्याच्या फंदात पडू नका. ते विकणार की स्वतःचं वाद्य नसलेल्या विद्यार्थ्याला वापरायला देणार, एवढं लेखी घ्या. दोन वर्षं पेटीत पडून व्हॉल्व्ह अडकले असतील, तर जोर लावून ओढू नका. विभागातल्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे तसंच न्या, आणि तो ते मोकळे करत असताना तिथे बसा.