डेप्युटेशन की ब्लू कार्ड? ऐरोलीच्या भावाला उत्तर

माझा मामेभाऊ ऐरोलीत राहतो आणि महापेला एका आयटी कंपनीत आठ वर्षं काम करतोय. परवा त्याने विचारलं, "ताई, कंपनी मला दोन वर्षांसाठी श्टुटगार्टला पाठवतेय. नेमकी आत्ताच तिथल्या एका जर्मन कंपनीचीही थेट ऑफर आलीय. हिशेब मांडला तर डेप्युटेशनमध्ये पैसे जास्त उरतात, घरसुद्धा कंपनीच देणार. मग स्वतःचं वर्क परमिट घेऊन असा काय फायदा?" ठाण्या-नवी मुंबईत बऱ्याच घरांत सध्या हाच हिशेब चालू असेल, म्हणून त्याला लिहिलेलं उत्तर इथे सगळ्यांसाठी देतेय.

अरे, मी २०१४ मध्ये जर्मनीत डेप्युटेशनवरच आले होते. घर कंपनीचं, विमा कंपनीचा, पगार ठाण्याच्या खात्यात आणि इथे खर्चाला भत्ता. वर्षभर सगळं सुरळीत होतं. चौदाव्या महिन्यात ग्राहकाने प्रोजेक्ट बंद केलं आणि मला पाच आठवड्यांत परत यायला सांगितलं. मुलीला बालवाडीत कशीबशी जागा मिळाली होती, ती जर्मनमध्ये गाणी म्हणायला लागली होती. इथे दुसरी नोकरी शोधायची माझी तयारी होती, पण माझा परवाना त्या एका कंपनीशी बांधलेला. कंपनीने बोलावलं की तो संपला. आम्ही नौपाड्याला परतलो. २०१६ मध्ये पुन्हा आले ती जर्मन कंपनीशी करार करून, ब्लू कार्डवर, म्हणजे इथल्या नोकरीसाठी मिळणाऱ्या स्वतःच्या परवान्यावर. म्हणून दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

तुला कंपनी पाठवेल ते बहुधा आयसीटी कार्डावर, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत बदलीच्या परवान्यावर. तज्ज्ञ आणि व्यवस्थापकांसाठी त्याची मर्यादा जास्तीत जास्त तीन वर्षं. करार भारतातल्या कंपनीशीच राहतो. ब्लू कार्डासाठी मात्र जर्मनीतल्या कंपनीशी करार लागतो, बहुधा मान्य पदवी लागते आणि पगाराची किमान अट असते. २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आयटीसारख्या माणसं कमी असलेल्या क्षेत्रांसाठी ४३,७५९ युरो ८० सेंट. ही रक्कम दर जानेवारीत बदलते, म्हणून तुझ्या ऑफरचा आकडा चालू वर्षाच्या अटीशी ताडून बघ. तुझी पदवी आणि कॉलेज 'अनाबिन' या परदेशी पदव्यांच्या सरकारी यादीत आत्ताच शोध.

आता पैशांचं. डेप्युटेशनमध्ये हातात जास्त उरतं, कारण इथल्या पेन्शनमध्ये तुझे पैसे जात नाहीत. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे. पीएफ कार्यालयाचं प्रमाणपत्र असलं की तुझा पीएफ तिकडेच चालू राहतो आणि इथल्या पेन्शनची कपात टळते. पगाराच्या कागदावर हे छान दिसतं, पण इथे कायमचं राहायचं तर हीच कपात मोजली जाते. ब्लू कार्डवर २७ महिने काम करून पेन्शन भरली आणि ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं जर्मन आलं, तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. त्याहून वरच्या बी-वन पातळीचं आलं, तर २१ महिन्यांतच. डेप्युटेशनची दोन वर्षं या हिशेबात धरली जात नाहीत. दोन वर्षांनी तू त्याच शहरात, त्याच भाड्याच्या घरात असशील, पण मोजणी शून्यापासून. मला वाटतं, तुझ्या निर्णयात सगळ्यात वजनदार गोष्ट हीच आहे, आणि ऑफर लेटरमध्ये ती कुठेच लिहिलेली नसते.

नोकरी गेली तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण मामी नक्की विचारेल. ऑगस्ट २०१७ मध्ये माझी नोकरी गेली, पंधरा महिने झाले होते तेव्हा. कळल्यावर तीन दिवसांच्या आत 'आर्बाइट्सआगेंटूर'मध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नोंद करावी लागते. उशीर झाला तर भत्ता कापतात. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले. गेल्या तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला असला की बेकारी भत्ता मिळतो: हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६० टक्के, मूल असेल तर ६७. बारा महिने भरले असतील तर तो सहा महिने चालतो. हा कुणाचा उपकार नव्हता, दर महिन्याला माझ्याच पगारातून त्याचा हप्ता गेला होता. तरी तो पहिला भत्ता खात्यात जमा झाला तेव्हा मला रडू आलं. २०१५ चे ते पाच आठवडे आठवले.

परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही नोकरी गेल्याचं दोन आठवड्यांत कळवायचं असतं, हे विसरू नकोस. ब्लू कार्डवाल्याला दुसरी नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. मला अकराव्या आठवड्यात मिळाली. आमच्या वेळी पहिली दोन वर्षं नोकरी बदलायला आधी परवानगी घ्यावी लागायची. नोव्हेंबर २०२३ पासून ते बरंच सैल झालंय: पहिल्या वर्षात बदललीस तर कार्यालयाला कळवायचं, ते आक्षेप घेऊ शकतात; वर्ष उलटलं की तू मोकळा. हे मोकळेपण पगाराच्या बोलणीतही कामी येतं. तू सोडून जाऊ शकतोस हे साहेबाला माहीत असतं.

आजारपणाचं सांगते. डेप्युटेशनवर आमचा खासगी प्रवासी विमा होता. मुलीचा कान दुखायला लागला की आधी खिशातून पैसे द्यायचे, मग बिलं स्कॅन करून पाठवायची, मग दोन महिने वाट बघायची. एकदा ताप अंगावर काढला तो केवळ बिलाच्या धास्तीने, आणि त्याची खंत मला आजही आहे. इथल्या नोकरीवर सरकारी आरोग्य विमा घेतला की बायको कमावत नसेल तर ती आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, जास्तीचा पैसा लागत नाही. डॉक्टरकडे कार्ड दाखवायचं, बस. शिवाय तू स्वतः आजारी पडलास, तर सहा आठवड्यांपर्यंत कंपनी पूर्ण पगार देते. फक्त नोकरीला चार आठवडे झालेले हवेत. मुलासाठी महिन्याला 'किंडरगेल्ट', म्हणजे सरकारी बालभत्ताही मिळतो, २०२५ मध्ये तो २५५ युरो होता.

वहिनीला जर्मन येत नाही म्हणून अडेल असं तुला वाटतंय. नाही अडणार. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी भाषेची परीक्षा लागत नाही, आणि कुठलंही काम करायची मुभा मिळते. तिच्या कार्डावर 'एर्वेर्ब्सटेटिग्काइट एरलाउब्ट' (काम करायला परवानगी) हे दोन शब्द आहेत का, ते कार्ड हातात पडल्यावर तिथेच बघून घे. चूक असेल तर लगेच सांगितलेली बरी. तरी तिला निघण्याआधी क्लास लाव. काम करायची परवानगी कार्ड देतं, पण फोनवर बोलायला भाषाच लागते. मी हे उशिरा शिकले.

आणि मामा-मामी. ब्लू कार्ड असताना जर्मनीच्या बाहेर बारा महिन्यांपर्यंत राहिलं तरी ते रद्द होत नाही, इतर साध्या परवान्यांना सहाच महिने असतात. माझी एक मैत्रीण वडिलांच्या आजारपणात बिनपगारी रजा घेऊन सात महिने ठाण्यात राहिली आणि त्याच कार्डावर परत आली. १ मार्च २०२४ नंतर ज्यांना पहिल्यांदा ब्लू कार्डासारखा परवाना मिळाला, त्यांना आईवडिलांना, आणि जोडीदार इथे कायम राहत असेल तर सासूसासऱ्यांनाही, राहायला आणता येतं. आम्हाला, आधी आलेल्यांना, ही सोय नाही; तुला असेल. पण घाई करू नकोस. त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा तुझ्यावर, आणि पंचावन्नच्या पुढे सरकारी विमा बहुधा मिळत नाही. खासगीचा हप्ता आधी विचारून मगच मामींना शब्द दे.

किरकोळ गोष्टी: भारताचं लायसन्स सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि गाडी चालवायची परीक्षा. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमा खुल्या ठेवलेल्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. निघण्याआधी ठाण्याचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घे, बरेच जण ते तसंच ठेवतात आणि मग अडकतात.

डेप्युटेशन वाईटच असं मी म्हणत नाही. दोन वर्षांत ऐरोलीच्या घराचं कर्ज हलकं करून परतायचं नक्की ठरलं असेल, तर तेच घे. पण काल फोनवर तू लेकाच्या तिसरीच्या शाळेबद्दल विचारत होतास, आणि तो आत्ता बालवर्गात आहे. तू दोन वर्षांचं बोलतोयस, पण मनात सहा वर्षं धरलीयस. म्हणून माझं मत ब्लू कार्ड.

जर्मन कंपनीचं करारपत्र आलं की सही करण्याआधी मला पाठव. मला त्यात तीन गोष्टी बघायच्या आहेत: परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ, नोटीस किती आठवड्यांची आणि करार मुदतीचा आहे की बेमुदत. आणि लग्नाचा दाखला शोधून ठेव. त्यावरचं वहिनीचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच बघ. नसेल तर महापालिकेतली दुरुस्ती आधी उरकून घे, व्हिसाचा अर्ज त्यानंतर भर.