व्हेटचा पट्टा, क्विनचा दगा आणि तुमची बाकीची पत्रं

मागच्या अंकात 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' या ऑनलाइन गेमबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून वाहायला लागला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न, फुकट आहे का. आहे. २०१२ च्या नोव्हेंबरपासून. साठाव्या लेव्हलपर्यंत पैसे लागत नाहीत आणि आठही क्लासच्या, म्हणजे आठ प्रकारच्या नायकांच्या, मूळ गोष्टी त्यात पूर्ण होतात, पुढचं हवं असेल तर एक महिना सबस्क्रिप्शन घ्यायचं, तोवर आलेली एक्सपान्शन्स, म्हणजे गोष्टीचे पुढचे जोडभाग, तुमच्याकडे राहतात. झालं. आता खऱ्या पत्रांकडे येतो, आणि खाली स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना गोष्ट कोरी करकरीत हवीये त्यांनी इथूनच पान उलटावं, मी रागावणार नाही.

दादा, माझा मुलगा रात्री हा गेम खेळतो म्हणतो पण मी डोकावते तेव्हा स्क्रीनवर माणसं नुसती बोलत उभी असतात. हा गेम आहे की सिरियल? — एक आई, ठाणे

ताई, तुम्ही अगदी बरोबर पकडलंत! दोन्ही आहे. बायोवेअर कंपनीने २०११ च्या डिसेंबरमध्ये हा काढला तेव्हा त्यांची शेखीच ही होती की बाकीच्या ऑनलाइन गेममध्ये क्वेस्ट म्हणजे एक परिच्छेद, तो कोणी वाचत नाही, 'दहा रानडुकरं मारून आण' एवढंच डोक्यात राहतं, आणि इथे मात्र प्रत्येक माणूस तोंडाने बोलतो, तुमचं कॅरेक्टरसुद्धा. दोन लाखांहून जास्त डायलॉग रेकॉर्ड केले, गिनीज बुकात नोंद झाली त्याची. तुमचा मुलगा बहुतेक उत्तर निवडत असणार. समोरच्याचं बोलणं झालं की तीन पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा, आणि शेजारी जो साथीदार उभा असतो ना, त्याला ते आवडलं की नाही ते लगेच लिहून येतं. मुलगा विचार करत गप्प बसलेला दिसला तर त्याला हाक मारू नका एवढीच विनंती. जेवायला बोलवायचं असेल तर गोष्ट वेगळी, एस्केप दाबून अर्ध्या संभाषणातून बाहेर येता येतं आणि नंतर तेच बोलणं पहिल्यापासून करता येतं, तेव्हा 'मध्येच नाही उठता येत आई' हे तो सांगत असेल तर ती थाप आहे.

आठ क्लास आहेत, कुठला घेऊ? फक्त गोष्टीसाठी खेळायचंय, मारामारीत मी ढ आहे. — सांगलीहून एक वाचक

इंपिरियल एजंट घे. लोक म्हणतील जेडाय नाइट घे, कारण जुन्या सिंगल प्लेयर गेमची आठवण काढायची असेल तर तीच गोष्ट त्याच वळणाची आहे, आणि ती वाईट नाही, पण एजंटची मजा वेगळी. सगळे लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, फिरवत फिरणारे आणि मधे हा साम्राज्याचा साधा सरकारी नोकर, फोर्सची जादू वगैरे काही नाही, वरचे सिथ, म्हणजे ती जादू येणारे साहेब लोक, त्याला पायपुसणं समजतात. हट्टा ग्रहावर सुरुवात होते, तिथे तुला रेड ब्लेड नावाच्या चाच्याचं सोंग घेऊन वावरायचंय. आता कान देऊन ऐक. एजंट एरवी साम्राज्याच्या त्या ताठ ब्रिटिश उच्चारात बोलतो, आणि सोंगात शिरला की त्याचे उच्चार बदलतात, अमेरिकन होतात, आणि हेडक्वार्टरशी बोलताना परत ताठ. कोणी तुला हे सांगत नाही, पाटी येत नाही, फक्त ऐकू येतं. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला वाटलं साउंड फाइलमध्ये घोळ आहे म्हणून सेटिंग बघायला गेलो, अर्ध्या मिनिटाने ट्यूब पेटली.

आणि इथे सोबतीला मिळते कॅलियो. तू सभ्यपणे हुकूम पाळलास की तिला आवडत नाही, गोंधळ घातलास की खूश. म्हणजे नोकरीत साहेबाला खूश ठेवायचं आणि जहाजावर हिला, दोन्ही एकदम जमत नाही. दुसऱ्या भागात एजंटच्या डोक्याचंच काय होतं ते नाही सांगत, एवढंच सांगतो की उत्तर निवडायचा जो पर्याय तू सतत वापरत आलास तोच गेम तुझ्याविरुद्ध वापरतो.

मारामारीची काळजी नको. २०१५ पासून कुठलाही साथीदार हील करू शकतो, म्हणजे लढाईत तुझ्या जखमा भरू शकतो, एका क्लिकवर, त्याआधी प्रत्येकाचं काम ठरलेलं असायचं आणि आवडती मुलगी जहाजावर ठेवून नावडता डॉक्टर घेऊन फिरावं लागायचं. आता जो आवडेल त्याला हीलिंगला लावून पुढे चाल.

इंग्रजी पटकन कळत नाही, उच्चार तर अजिबात नाही. मग काय उपयोग? — चंदगडहून

सबटायटल चालू कर. आवाज इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मनमध्येच आहेत, मराठीत नाहीत आणि येतील असं स्वप्नही बघू नको. पण एक गंमत, खेम व्हॅल नावाचा राक्षसी साथीदार आहे सिथ इन्क्विझिटरचा, तो इंग्रजी बोलतच नाही, त्याची स्वतःची भाषा, तिथे अमेरिकेतला माणूससुद्धा सबटायटलच वाचतो. तिथे तुम्ही दोघं एकाच बाकावर.

एक सावधगिरी बाळग, पर्यायात जे तीन-चार शब्द लिहिलेले असतात ते आणि कॅरेक्टर प्रत्यक्ष बोलतो ते तंतोतंत एक नसतं. मी एकदा सौम्य वाटणारी ओळ निवडली आणि माझा माणूस समोरच्यावर डाफरला. एस्केप जिंदाबाद.

दादा, मी सिथ वॉरियर खेळतेय. गंमत म्हणून व्हेटला दोन-तीनदा शॉक दिला. आता खूप वाईट वाटतंय. हे वेडेपणाचं आहे ना? — नाशिक

नाही गं. या पत्रासाठीच मी आज लिहायला बसलो.

ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी, सिथ वॉरियरची सुरुवात कोरिबान ग्रहावर होते, सिथ लोकांची शाळा तिथे. थडग्यात शिरायला वाट दाखवणारी कोणीतरी हवी म्हणून कैदखान्यातून एक ट्वीलेक जमातीची पोरगी तुमच्या ताब्यात देतात, तीच व्हेट. थडगी लुटताना पकडली गेलेली. तिच्या गळ्यात शॉकचा पट्टा आणि त्याचं बटण तुमच्या हातात. बोलताना पर्यायांत कधीकधी एक ओळ येते, शॉक द्या. दुसरा कुठला गेम असता तर 'क्रूर व्हायचंय का' असा प्रश्न एकदा विचारून मोकळा झाला असता. इथे तो पट्टा तिच्या गळ्यात दिसत राहतो. तुम्ही ग्रह फिरता, ती तुमच्या बाजूने लढते, तुम्हाला सावरते, टोमणे मारते, आणि पट्टा दिसतोय. मग ती विचारते, हा काढणार का.

तू ज्याला गंमत म्हणतेस ती करताना तुला बघणारं कोणीतरी होतं, म्हणून वाईट वाटतंय. शॉक द्यायचा पर्याय लेखकांनी मुद्दाम विनोदी टायमिंगला ठेवलाय, ती काहीतरी खोचक बोलते आणि लगेच खाली बटण. हात जातोच. माझाही गेला. मी तर म्हणेन की ज्याचा कधीच गेला नाही त्याने सिथची भूमिका मनावरच घेतली नाही. पण पट्टा काढ आता. अजून वेळ असेल तर आज रात्रीच काढ, आणि तिचं पुढचं बोलणं ऐक. तिची हरवलेली बहीण आहे, लहानपणीची गँग आहे, गुलामीतून तिला सोडवणारा नोक ड्रेयन नावाचा माणूस आहे. हे नाव लक्षात ठेव, कारण साम्राज्याच्या विरुद्ध बाजूचा, रिपब्लिकचा, स्मगलर क्लास खेळशील तेव्हा याच नोक ड्रेयनच्या खजिन्यामागे पळायचंय आणि तिथली साथीदार रीशा ही त्याचीच मुलगी, व्हेटची बालमैत्रीण. दोन वेगळे क्लास, दोन वेगळ्या बाजू, आणि गेम तुला याची आठवण करून देत नाही, तुझं तुलाच लागतं. लागलं की मात्र अंगावर काटा येतो.

क्विनला मारता का येत नाही?? — पुण्याहून, ठळक अक्षरात, सहा प्रश्नचिन्हं (दोन ठेवली)

तुमचा राग पोचला. क्विन हा त्याच वॉरियरचा दुसरा साथीदार, बाल्मोरा ग्रहावर भेटतो, इस्त्रीचा युनिफॉर्म, होय माय लॉर्ड, नाही माय लॉर्ड, आणि वॉरियर स्त्री असेल तर त्याच्याशी लग्नापर्यंत जाता येतं. तिसऱ्या भागात हाच माणूस तुमच्या लढाईचा सगळा अभ्यास करून खास तुमच्यासाठी तयार केलेले यंत्रमानव तुमच्यावर सोडतो. बायको असलात तरी सोडतो! आणि जिंकल्यावर? गळा आवळा, सुनवा, पण परत जहाजावर घ्यावं लागतं, कारण त्या काळी काही टीम त्याच्या हीलिंगवर चालायच्या आणि साथीदार कायमचा गेला तर खेळणारा अडकला असता.

म्हणजे कारण गोष्टीतलं नव्हतं, हिशेबाचं होतं, आणि ते दिसतं. मला या गेममधली ही सगळ्यात कच्ची जागा वाटते. तरी एक म्हणतो, क्विनने लपवलं काहीच नव्हतं. त्याचं करियर बुडालं होतं तेव्हा डार्थ बॅरसने, म्हणजे वॉरियरच्याच सिथ गुरूने, वाचवलं, हे तो तुम्हाला स्वतः सांगतो, बॅरसबद्दल आदराने बोलतो, आणि आपण ते संभाषण पटापट स्पेसबार दाबत संपवतो. मी दुसऱ्यांदा खेळताना सगळं ऐकलं आणि मला दगा झाल्यासारखं वाटलंच नाही, उलट आपण इतके दिवस कानात बोळे घालून होतो असं वाटलं. २०१७ मध्ये तो आयोकाथ ग्रहावरच्या भागात परत येतो तेव्हा जुना हिशेब मिटवायची संधी मिळते. तोवर धीर धरा.

फॉलन एम्पायर सुरू केल्यावर माझे सगळे साथीदार गायब. बग आहे का? — पणजी

बग नाही रे, गोष्ट आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या या एक्सपान्शनमध्ये तुम्हाला कार्बोनाइटमध्ये गोठवतात आणि लाना बेनिको नावाची सिथ येऊन सोडवते तोवर पाच वर्षं गेलेली असतात, सगळे पांगलेले. लाना चांगली आहे, पण ज्यांनी चार वर्षं किरा कार्सन या साथीदाराला घेऊन जेडाय नाइट खेळला होता त्यांना ती परकीच वाटली, आणि किरा व नाइटचा दुसरा साथीदार लॉर्ड स्कर्ज गोष्टीत धड परत आले ते २०२० च्या डिसेंबरमध्ये. गोष्टीत पाच वर्षं, बाहेरही पाच वर्षं. लेखकांनी ठरवून केलं नसणार पण माझा एक मित्र दर अपडेटला लॉगिन करून 'आली का' बघायचा आणि बंद करायचा, वारीहून माणूस परतायची वाट बघावी तसं.

व्हेट की टोरियन? — अमेरिकेतून एक मराठी वाचक, न्यू जर्सी

पुढच्या एक्सपान्शनमधली ही निवड, इटर्नल थ्रोन, २०१६. ओडेसन या तुमच्या तळावर खलनायिका व्हेलिन हल्ला करते, व्हेट एकीकडे अडकते, बाउंटी हंटरचा साथीदार टोरियन केडेरा दुसरीकडे, मदत एकालाच पोचवता येते आणि दुसरा जिवाला मुकतो. दोघांनाही वाचवायची कुठलीही चोरवाट नाही, शोधू नका, मी फोरमवरचे सगळे धागे पालथे घातलेत.

ज्याने बाउंटी हंटर खेळलाय आणि टोरियनशी लग्न केलंय त्याला निवड सोपी. ज्याने वॉरियर खेळलाय त्यालाही सोपी. अवघड कोणाला, तर ज्याने दोन्ही खेळलेत त्याला, आणि ज्याने काहीच खेळलं नाही, जो ट्रूपर वगैरे घेऊन आलाय, त्याला ही दोन नुसती नावं असतात. बिचाऱ्याने नाणं उडवावं. मी व्हेटला वाचवलं. पट्ट्याचं देणं होतं.

नवऱ्याबरोबर खेळते. संभाषणात माझं उत्तर येतच नाही, त्याचंच येतं! — कोल्हापूर

वहिनी, ती चिठ्ठी आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाने उत्तर निवडायचं, मग गेम आकडे काढतो, ज्याचा आकडा मोठा त्याचं कॅरेक्टर बोलतं. ब्लॅक टॅलन नावाचं साम्राज्याच्या बाजूचं पहिलंच फ्लॅशपॉइंट, म्हणजे ग्रुपने खेळायची छोटी मोहीम, एकत्र खेळून बघा, जहाजाचा कॅप्टन हुकूम मानत नाही, त्याला सोडायचं की उडवायचं ठरवायचंय. तुम्ही सोडा म्हणालात आणि ह्यांचा आकडा मोठा आला तर कॅप्टन गेला, पण चांगुलपणाचे पॉइंट तुमचे तुम्हाला मिळतात. नवऱ्याचे त्याला. आमच्या घरी तो कॅप्टन चार वेळा मेलाय आणि चारही वेळा बायको हसत होती.