आजोबा गाताना का रडत होते?

प्रिय चिऊ,

शनिवारी आपण फोनवर गावच्या देवळातलं भजन पाहत होतो, तेव्हा तू विचारलंस, "आई, आजोबा नाचतायत आणि रडतायत पण. त्यांना काय झालं?" मी "अगं, आनंदाने" म्हणाले आणि कामाला लागले. ते उत्तर मलाच दिवसभर टोचत राहिलं. खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. म्हणून हे पत्र. अडेल तिथे मोठ्याने वाच, कळेल.

आधी आजोबांच्या हातातल्या वस्तूविषयी. ते टाळ. काशाच्या दोन जाड वाट्या, मधून ओवलेली दोरी. दोरीचा वेढा बोटांना घ्यायचा आणि वाटीची कड कडेवर टेकवायची. मी तुझ्याएवढी असताना पहिल्यांदा हातात धरले आणि दणादण आपटायला लागले. आजोबांनी माझ्या दोन्ही मुठींवर आपले हात ठेवले आणि म्हणाले, "आपटू नको. शेजारचा ऐकू येतोय का बघ." शेजारचा ऐकू येत नव्हता. मग मी हळू केलं, आणखी हळू, आणि एका क्षणी माझा टाळ मला वेगळा ऐकूच येईना. वीस टाळांचा मिळून एकच आवाज. मी थांबले तरी तो चालूच होता. दचकले होते मी. आणि इतकं हलकं वाटलं होतं की अजून आठवतं.

तुझ्या शाळेच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे समोर आणि ऐकणारे खुर्च्यांवर असतात. भजनात ऐकणारा असा कुणी नसतोच. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. उशिरा येणाराही दाराशी चप्पल काढता काढता ध्रुपद धरतो. कुणाचा आवाज चिरका, कुणाचा घोगरा. चालतं सगळं. सुरुवात संथ असते, "जय जय राम कृष्ण हरी", मग रूपाचे अभंग, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारे. पखवाजवाला डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या बाजूच्या कातड्याला, ओली कणीक लावून बसलेला असतो, त्यामुळे तो घुमणारा खालचा आवाज येतो. तो कानापेक्षा पोटात ऐकू येतो. लय हळूहळू चढते. तू पाहिलंस ना, आधी सगळे बसले होते आणि मग कधी उभे राहिले ते कळलंच नाही? ते एक पाऊल पुढे, एक मागे घेणं, त्याला पावली म्हणतात. ती कुणी ठरवून सुरू करत नाही.

आता मला फार आवडणारी गोष्ट. तुकोबांची ही ओळ बोटांवर मोज: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. सहा अक्षरं, सहा, सहा आणि शेवटी चारच. मधले दोन तुकडे एकमेकांशी जुळतात, विटेवरी-कटावरी, आणि चौथा लवकर संपतो. त्या उरलेल्या जागेत श्वास घेता येतो. टाळ तेवढे वाजत राहतात, मग पुढची ओळ. संगीत न शिकलेला, अक्षरओळख नसलेला माणूसही हे पाठ करू शकतो, चालताना म्हणू शकतो. वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालत लोक हेच म्हणतात. पायाला फोड आले तरी म्हणतात. मला वाटतं हा छंद चालणाऱ्या माणसाच्या छातीच्या मापानेच घडलाय.

पण तुझा प्रश्न रडण्याचा होता.

चोखोबा नावाचे संत होते, सातशे वर्षांपूर्वीचे. जातीने महार, म्हणून पंढरपूरच्या देवळात त्यांना पाऊल टाकू देत नसत. ज्या विठ्ठलावर अभंग रचले, त्याच्यापर्यंत जायची बंदी. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ. म्हणजे दाराबाहेरच. त्यांची बायको सोयराबाई, तिनेही अभंग रचले. तिचा एक अभंग आजोबा भजन संपताना म्हणतात: "अवघा रंग एक झाला". मी-तू असं काही उरलंच नाही, असं ती पुढे म्हणते. विचार कर चिऊ, जिला लोक सावलीपासूनही दूर ठेवत, ती बाई हे गाते आहे. दार बंद, आणि ती आतून मोकळी. हा अभंग ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो, आणि रागही येतो. कारण गाणं मोकळं झालं म्हणून दार उघडलं असं झालं नाही. त्यासाठी साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसावं लागलं. सहाशे वर्षं लोक सोयराबाईचे शब्द गात होते आणि तिच्या माणसांना बाहेर उभं करत होते. हे तुला ठाऊक असायला हवं. आपल्या गोष्टीतला हा भाग मी गाळणार नाही.

आता आजोबा. तुला ते शांत माणूस म्हणून माहीत आहेत. घरात मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही. आजी गेली तेव्हा ते सगळ्यांना चहा विचारत फिरत होते, दाखल्यांसाठी कागद शोधत होते. मी म्हटलं, "अण्णा, जरा बसा ना." म्हणाले, "बसून काय करू?" दिवस झाल्यावर पहिल्यांदा भजनाला गेले, मीही गेले होते. रूपाचा अभंग झाला, लय चढली, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. टाळ एकदाही चुकला नाही. शेजारच्या काकांनी बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त थोडे जवळ सरकले. संपल्यावर दोघांनी एकमेकांच्या पायांना हात लावला, "माउली" म्हणाले, आणि आजोबा घरी येऊन भाकरी जेवले. त्या महिन्यात पहिल्यांदाच पोटभर.

तर शनिवारी ते दुःखी होते का? असतीलही. आनंदात होते का? तेही असेल. तिथे दोन्ही एकदम होता येतं, आणि कुणी "काय झालं?" विचारत नाही. तू विचारलंस ते मात्र बरं केलंस.

आपल्या कपाटात वरच्या खणात पिवळ्या फडक्यात टाळांचा एक जोड आहे, आजोबांनी मी इथे जर्मनीत यायला निघाले तेव्हा बॅगेत घातलेला. दोरी कुजली आहे, ती बदलायला हवी. जाड सुती दोरी आणू. येत्या शनिवारी दुपारी साडेतीनला तिकडे सात वाजतील, हरिपाठ सुरू होईल. फोनवर आवाज थोडा मागे पडतो, त्यामुळे आजोबांशी आपला ठेका जुळणार नाही. आपण दोघी एकमेकींचा ऐकू.

तुझी,
आई