चेहरा फटफटीत, गच्ची काळीकुट्ट: उणे दोन लागलं कुठे?

गच्चीवरच्या साखरपुड्यात फ्लॅश मारल्यावर बहिणीचा चेहरा फटफटीत पांढरा आला, म्हणून तुम्ही कॅनन कॅमेऱ्यावर ± उणे २ वर नेलंत. चेहरा तसाच राहिला, उलट मागची दिव्यांची माळही गेली, असं लिहिलंय. माळ गेली यातच उत्तर आहे. तुम्ही कमी केलंत ते फ्लॅशचं नव्हे, आजूबाजूच्या उजेडाचं.

फ्लॅशच्या फोटोत दोन उजेड असतात. एक जागेवरचा, दुसरा फ्लॅशचा. कॅननमध्ये नुसतं ± चिन्ह पहिल्यावर चालतं. विजेच्या बाणासोबतचं ± दुसऱ्यावर. तेच फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. क्यू बटण दाबलं की बहुतेक मॉडेलांवर ते स्क्रीनवर दिसतं. निकॉनवाल्या मित्राला विचाराल तर तो वेगळंच सांगेल, आणि तोही खोटं बोलत नसेल: तिथे साधं ± सहसा दोन्ही उजेडांना एकदम हलवतं.

आता चेहरा जळला का? टीटीएलमध्ये, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो त्या पद्धतीत, खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीक झलक जाते. ती परत किती आली यावरून कॅमेरा ताकद ठरवतो. बहिणीच्या मागे मोकळं आकाश, तिथून परत काय येणार? कॅमेऱ्याला वाटलं उजेड कमी पडतोय, मग त्याने जोर लावला आणि तो सगळा बसला चेहऱ्यावर. अशा वेळी बाणाचं ± उणे १ वर ठेवा, म्हणजे फ्लॅश निम्मा. पांढरे सदरे घातलेली मंडळी फ्रेमभर असतील तर उलटं: कपडे मळकट दिसतात, तिथे अधिक २/३ लागतं.

पण नुसत्या उणेने माळ परत येणार नाही. तिच्यासाठी शटर हळू करा आणि आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवा. मी अशा ठिकाणी कॅमेरा एम (मॅन्युअल) वर, शटर १/६०, छिद्र एफ ४, आयएसओ ८०० धरून सुरुवात करतो. फ्लॅश मात्र टीटीएलवरच. एमवर गेलं की कॉम्पेन्सेशन बंद पडतं हा गैरसमज आहे. ते बंद पडतं फ्लॅश स्वतः मॅन्युअलवर असला तर.

मागच्या रांगेतले काका काळे येतात, त्यावर अधिक २ हा उपाय नाही. दुप्पट अंतरावर फ्लॅश चौथाई उरतो; काका उजळेपर्यंत पुढची मुलं भुतं झालेली असतात. शिवाय कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशचा दम तेवढाच. गाइड नंबर (आयएसओ १०० ला मीटरमध्ये मोजलेला फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ९ धरला तर एफ ५.६ आणि आयएसओ ४०० ला जेमतेम सव्वातीन मीटर. त्यापुढे अधिक कितीही करा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! काकांना पुढे बोलवा.

बाणाचं उणे करूनही फरक दिसला नाही, तर मेन्यूतलं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर बंद करून बघा. ते जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो, परस्पर उजळून तुमच्या उणेवर पाणी फिरवतं.

आणि घरी आल्यावर आकडा शून्यावर आणा, कॅमेरा बंद केल्याने तो जात नाही. मी एकदा हळदीतलं उणे १ २/३ तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी लग्नाला उभा राहिलो. अंतरपाट दूर होतानाचे सगळे फोटो अंधारे. जेपेगच होते, उजळायला गेलो तर नुसते दाणे.